झोटेरोच्या संदर्भसूचीवर किती विसंबायचं? प्रबंधासाठी बरेच महिने वापरल्यानंतर

झोटेरो ७ हे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारं सॉफ्टवेअर आणि त्याचं वर्डमधलं प्लगइन प्रबंधाच्या कामाला सलग वापरल्यावर निकाल असा: स्वल्पविराम, कंस, तिरपी अक्षरं, अनुक्रम यांत ते क्वचितच चुकतं. चुकते ती नोंद. लेखकाच्या रकान्यात कचरा असेल, तर एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीच्या साच्यात तोच कचरा नीटनेटका मांडून मिळतो. सूची सुबक दिसते म्हणून गाईडही पटकन सही करतात. तेव्हा सूची वाचत बसण्यापेक्षा लायब्ररीतली नोंद उघडा आणि पीडीएफच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा.

नोंद कुठून आली, यावर निम्मं काम ठरतं. झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की माहिती बहुधा डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफकडून येते, आणि तिथे ती प्रकाशकानेच भरलेली असते. हा मार्ग सर्वांत भरवशाचा. तरी कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी उपशीर्षक गळतं. गूगल स्कॉलरच्या 'साइट' बटणातून आणलेल्या नोंदीत डीओआय नसतोच, त्यामुळे नंतर पडताळायला धागा उरत नाही. छापील अंकाआधी ऑनलाइन आलेला लेख तेव्हाच घेतला असेल, तर खंड, अंक, पानं रिकामी राहतात आणि झोटेरो ती पुढे आपणहून भरत नाही. मधल्या यादीत खंडाचा कॉलम चालू करून त्यावर सॉर्ट करा. रिकाम्या नोंदी एकत्र येतात.

मजकुरातल्या दोन खुणा फार बोलक्या आहेत. एपीएमध्ये '(पाटील, २०१५)' असं यायला हवं तिथे '(एस. पाटील, २०१५)' दिसलं, तर एकाच माणसाचं नाव दोन नोंदींत दोन तऱ्हेने भरलंय असं बहुतेक वेळा निघतं: एकीकडे पूर्ण नाव, दुसरीकडे आद्याक्षर. झोटेरो त्यांना दोन वेगळे पाटील समजतं आणि फरक कळावा म्हणून आद्याक्षर जोडतं. दोन्ही नोंदींत नाव अक्षरशः सारखं करा आणि वर्डमध्ये 'रिफ्रेश' दाबा. दुसरी खूण: त्या वर्षाचा एकच लेख असताना '२०१९ए' आणि '२०१९बी' येणं. तोच लेख दोनदा शिरलाय. इथे एक नोंद डिलीट करायचा मोह होतो, पण तसं केलं की मजकुरातला तिचा दुवा तुटतो आणि जुनी माहिती फाइलमध्ये तशीच राहते. 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन 'मर्ज' करा. मग जुने दुवे शाबूत राहतात.

संस्था लेखक असेल तर नावाचा रकाना एकेरी करायलाच हवा. नाहीतर 'महाराष्ट्र शासन'मधलं 'शासन' आडनाव ठरतं आणि सूचीत 'श'खाली जाऊन बसतं. रकान्याशेजारच्या छोट्या बटणाने हे बदलतं. आपल्याकडच्या प्रबंधांत ही चूक बरीच दिसते.

मराठी पुस्तकांचं प्रकरण निराळं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो. असला तरी माहिती अनेकदा परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून येते आणि लेखकाचं नाव रोमन लिपीत, डोक्यावर रेघा-टिंबांसह उतरतं. हाताने भरणंच बरं. वर्ष मात्र इंग्रजी अंकांत टाका, आणि रकान्याशेजारी वाय-एम-डी (वर्ष-महिना-दिवस) पैकी वाय उमटला का बघा. तो उमटला तरच सॉफ्टवेअरला वर्ष कळलं. शीर्षकपानामागच्या पानावर 'शके' असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानचं प्रकाशन असेल तर ७९). पुनर्मुद्रण वापरत असाल, तर 'एक्स्ट्रा' रकान्यात रोमन लिपीत 'Original Date', पुढे कोलन (:) आणि पहिल्या आवृत्तीचं वर्ष इंग्रजी अंकांत लिहा. एपीए मजकुरात दोन्ही वर्षं तिरप्या रेघेने दाखवते. मराठी शीर्षक रोमन लिपीत दिलं असेल, तर भाषेच्या रकान्यात 'एमआर' (mr) हा कोड भरा. तो नसला तर एमएलए आणि शिकागो शैली ते इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात. शोधगंगेवरच्या प्रबंधाची नोंद 'थिसिस' प्रकारातच हवी, 'वेबपेज' नको. विद्यापीठाचं नाव त्याशिवाय नीट येत नाही.

इंग्रजी शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच (वाक्यासारखं, पहिलं अक्षर आणि विशेषनामं तेवढी मोठी) साठवा. ज्या शैलीला मोठी अक्षरं हवीत ती करून घेते, पण उलट दिशेने जमत नाही, कारण विशेषनाम कोणतं ते तिला कळत नाही. शीर्षकावर राइट क्लिक करून 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट'मधून बदलता येतं. त्यानंतर गावांची, माणसांची नावं आणि लघुरूपं मात्र डोळ्यांनीच तपासायची.

मागे घेतलेल्या लेखांवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ही माहिती अशा लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचकडून येते आणि डीओआय किंवा पबमेड या वैद्यकीय लेखसूचीतल्या क्रमांकावरून जुळवली जाते. नोंदीत दोन्ही नसतील तर इशाऱ्याची वाट पाहू नका. आणि डीओआय आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. ब्राउझरमध्ये उघडून तोच लेख येतो का बघा, विशेषतः संदर्भ एखाद्या एआय चॅटने सुचवला असेल तर.

वर्डमध्ये सूचीतली चूक थेट सूचीतच दुरुस्त करू नका, पुढच्या रिफ्रेशला ती परत येते. 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'फील्ड शेडिंग' 'ऑलवेज' ठेवा: झोटेरोने घातलेले संदर्भ करडे दिसतात, हाताने टाइप केलेले पांढरेच राहतात. ते पांढरे संदर्भ सूचीत आपोआप येत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्लगइनमधूनच संदर्भ घाला. पान क्रमांकही त्याच खिडकीत द्या. त्या पानावर तुमचं म्हणणं खरंच आहे का, हे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर तपासत नाही. थेट अवतरणं तरी मूळ पानाशी एकेक करून जुळवा.

सॉफ्टवेअर फुकट आहे. फुकट साठवण ३०० एमबीची असली तरी ती पीडीएफसाठी. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. प्रबंध जमा करताना फाइलची प्रत काढून त्या प्रतीवरच 'अनलिंक सायटेशन्स' (संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडणं) करा, कारण मूळ फाइलवर ते केलं की परीक्षकांनी सुचवलेले बदल पुढे हातानेच करत बसावे लागतात.