पहिलं प्रवासी क्रेडिट कार्ड: रेल्वेचं की विमानाचं?

पहिलं कार्ड घेताना माझ्यासमोर दोन नावं होती: आयआरसीटीसी-एसबीआय प्लॅटिनम आणि स्कॅपिया-फेडरल (स्कॅपिया हे प्रवास बुकिंगचं अ‍ॅप, फेडरल ही बँक).

वर्षातून चार-पाच वेळा पुणे-नागपूर एसीने करणाऱ्या घरासाठी मी बिनदिक्कत पहिलं सुचवेन. त्याला वार्षिक शुल्क आहे, पण आयआरसीटीसीवर या कार्डाने काढलेल्या एसी तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया. वर्षाला २०,००० रुपयांची तिकिटं काढली, तर २,००० रुपयांपर्यंत परत. शुल्क सहज वसूल. मात्र किराणा, वीजबिल यांवर दर १२५ रुपयांना जेमतेम एक पॉइंट. स्लीपरने जाणाऱ्यांनी तर हे घेऊच नये, कारण तो मोठा लाभ एसी वर्गांपुरताच आहे.

स्कॅपियाला वार्षिक शुल्कच नाही. खर्चावर १० टक्के कॉइन मिळतात, हे ऐकून हुरळून जाऊ नका! पाच कॉइनचा एक रुपया होतो, म्हणजे खरा परतावा दोन टक्के, तोही त्यांच्याच अ‍ॅपवर प्रवासासाठी वापरायचा. याची खरी ताकद परदेशात कळते. बहुतेक साध्या कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साधारण ३.५ टक्के आणि वर जीएसटी लागतो. दुबईत ५०,००० रुपये खर्च केले की २,०६५ रुपये असेच जातात. स्कॅपियावर ते वाचतात.

माझे आईवडील नागपूरला, म्हणून मी रेल्वेचं घेतलं. भाऊ दुबईत असता, तर दुसरं घेतलं असतं.