श्याम की लंपन? मुलांसोबत मोठं होण्याच्या गोष्टी वाचायच्या असतील तर

इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की आठ-दहा मुलं आमच्या हॉलमध्ये जमतात आणि आम्ही मराठी वाचतो, तीन वर्षं झाली आता. वय 11 ते 14, शाळा इंग्लिश मीडियम, आपसात भांडतात ती हिंदीत, मराठी फक्त आजीशी. दर उन्हाळ्यात कोणाची तरी आई नाहीतर बाबा विचारतात की काका, मोठं होण्याच्या गोष्टी द्यायच्यात, पात्रं कशी ओळखायची, थीम म्हणजे काय हे त्याला समजायला पाहिजे, तर ‘श्यामची आई’ आणू की प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ वगैरे कथासंग्रहांतला लंपन? मी दोन्ही या मुलांबरोबर वाचलंय, म्हणून माझ्या अनुभवाचं सांगतो, तुमच्या घरी वेगळं होऊ शकतं.

आधी श्यामबद्दल, कारण मी स्वतः त्यावरच वाढलोय. आजी वाचायची आणि तिचाच आवाज भरून यायचा. सानेगुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, 42 रात्री म्हणजे प्रकरणं आहेत, कहाणी एकच असली तरी एकेक रात्र सुटी गोष्ट म्हणून वाचता येते. रविवारच्या बैठकीला हे फार सोयीचं पडतं, वीस मिनिटांत एक गोष्ट पूर्ण, मागचं आठवत नसलं तरी चालतं. भाषा जुनी असली तरी वाक्यं सरळ, आमच्या हिंदीवाल्या मुलांनाही अडत नाही. मोठ्यांच्या गर्दीत आईचं जे पात्र आहे ना, ते लोक सांगतात त्यापेक्षा कितीतरी खोल आहे. आपण तिला देव्हाऱ्यात बसवून ठेवलंय, पण नीट वाचलं तर ती कर्जात बुडत चाललेल्या घरातली बाई आहे, मानी आहे, थकलेली आहे, पोहायला घाबरणाऱ्या पोराला मारून घराबाहेर काढते आणि त्याला मारल्याचं दुःखही तिलाच होतं. आई-वडीलसुद्धा हतबल असतात हे मुलाला पहिल्यांदा दिसतं, मोठं होण्याची याहून मोठी थीम कोणती असणार.

मग अडलं कुठे? मला जे खटकलं आणि ज्याने माझा निर्णय झाला ते एकच आहे, त्यावर जरा सविस्तर बोलतो.

मी विचारायचो, पाय मळू नयेत म्हणून आईने दगडावर ओचे पसरले तेव्हा त्या लहान श्यामला काय वाटलं असेल? लगेच चार हात वर. “आईचं ऐकलं पाहिजे.” मी म्हटलं हे झालं तात्पर्य, मी विचारतोय त्याला काय वाटलं. तर “मन स्वच्छ ठेवलं पाहिजे.” बरं, त्याला थोडी लाज वाटली असेल का, की मजा, की आईचा रागही आला असेल? “नाही काका, श्याम चांगला मुलगा आहे.” दुसऱ्या रविवारी दुसरी रात्र, उत्तरं तीच. तिसऱ्या रविवारीही तीच. शाळेत प्रश्न आला की जसं उत्तर फेकतात तसं, आणि एकदा का ते उत्तर आलं की बोलणं तिथेच संपतं, पुढे कोणी काही म्हणतच नाही. चार-पाच महिने मी प्रश्न बदलून बदलून पाहिले हो. मुलं हुशार आहेत, दोष त्यांचा नाही, आणि गुरुजींचा तर नाहीच नाही.

पुष्कळ विचार केल्यावर मला वाटतं ते असं, की गोष्ट सांगणारा कोण आहे हे बघायला हवं. श्यामच्या गोष्टी लहान श्याम सांगतच नाही, मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून सांगतो. त्याला सगळं समजून चुकलेलं आहे, आई गेलेली आहे, शेवटची भेटसुद्धा झाली नाही, त्यामुळे प्रत्येक आठवण त्याने मनात शंभरदा घासून पुसून ठेवलीये आणि अर्थासकट तो ती आपल्या हातात देतो. ऐकणाऱ्याने रडायचं, शोधायचं फारसं काही उरत नाही. आणि मला तर मुलांनी शोधावं असं वाटत होतं.

लंपनचं उलटं आहे. तिथे सांगणारा तोच मुलगा, त्याच वयाचा, आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारा, आणि त्याला स्वतःलाच पुष्कळ गोष्टी कळत नाहीयेत. तो नुसतं बघतो, झाडं, रस्ते, माणसांच्या बोलण्याच्या तऱ्हा, मॅडसारखं काय काय वाटत राहतं त्याला, पण का वाटतं ते तो सांगत नाही कारण त्यालाच माहीत नाही. मैत्रीण सुमीबद्दल त्याला काय वाटतं हे वाचणाऱ्याला त्याच्या आधी समजतं. म्हणजे पात्र समजून घ्यायचं काम लेखकाने आपल्यावर सोडलंय.

अडचणी आहेत, लपवत नाही. बेळगावकडची बोली, मधूनच कानडी शब्द, आमच्या मुलांना पहिली दहा पानं जडच गेली, एकजण सरळ म्हणाला, “काका, इसमें स्टोरी कब आएगी?” घटना कमी, वर्णन खूप, एक गोष्ट दोन-तीन रविवार चालते आणि मध्ये गैरहजर राहिलेल्याचा धागा तुटतो. मुलाला पुस्तक देऊन तुम्ही मोबाईल बघत बसणार असाल तर लंपन नका आणू, तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, निदान सुरुवातीला. ‘वनवास’पासूनच सुरू करा, 1994 सालचं आहे, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ नंतर. 2024 ला त्याच्यावर वेबसिरीज आलीये, ती आधी दाखवू नका असं मी म्हणेन, लंपनचा चेहरा ज्याने त्याने आपला आपण तयार करू दे.

पण एका रविवारी काय झालं सांगतो. आमच्यात एक मुलगा आहे, त्याचे आई-बाबा नोकरीसाठी बाहेरगावी, तो इथे आजी-आजोबांकडे असतो, दोन वर्षांत ग्रुपमध्ये दहा वाक्यं बोलला असेल नसेल. वाचून झालं, मी काहीच विचारलं नव्हतं, एक मुलगी आपणहून म्हणाली की लंपनला आईची आठवण येतीये. दुसरा म्हणे, कुठे लिहिलंय, पान दाखव. ती पानं उलटायला लागली, सापडेना. तेव्हा हा मुलगा म्हणाला, “लिहिलं नाहीये. पण तो सारखं दुसरंच काहीतरी सांगतोय ना. मी पण असंच करतो.”

सगळे गप्प. पात्राच्या बोलण्यात जे राहून जातं तिथेही बघायचं असतं हे मी महिनोन्महिने शिकवायचा प्रयत्न करत होतो, ते त्याने तीन वाक्यांत सांगून टाकलं. त्यानंतर मी ‘तात्पर्य काय’ हा प्रश्न आमच्या हॉलमधून बंद केला, आता एवढंच विचारतो, की तो काय सांगत नाहीये? हा प्रश्न बाकीच्या गोष्टींनाही लागू पडतो. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ बहुतेकांनी शाळेत हिंदीत वाचलेली, हामिद खेळणी सोडून आजीसाठी तीन पैशांचा चिमटा घेतो, सगळे म्हणायचे त्याग, त्याग. आता त्यातलीच एक मुलगी म्हणते, खेळणी पाहून त्याचाही जीव गेलाच असणार, म्हणून तर तो चिमट्याची एवढी फुशारकी मारतो.

म्हणून दहाच्या आतलं मूल असेल, किंवा घरात आजी वाचून दाखवणारी असेल, तर श्यामच आणा, बिनधास्त. त्यातही एक करून बघा, आई बोलायला लागायच्या आधी पुस्तक मिटा आणि मुलाला विचारा आता ती काय म्हणेल, तो स्वतः काय म्हणेल. पोहण्याच्या गोष्टीला आम्ही हे केलं तेव्हा निम्मी मुलं आईवर रागावली होती, पहिल्यांदाच, आणि मग मारल्यावर तिला वाईट का वाटलं यावर अर्धा तास भांडली. अकरा-बाराच्या पुढचं मूल असेल, थोडं आतल्या आत राहणारं असेल, तर माझा कल लंपनकडे आहे, वेळ लागला तरी. दोन्ही घेता आली तर उत्तमच, फक्त आधी लंपन आणि मग श्याम असा क्रम ठेवून बघा, मला तो जास्त मानवला.

पुस्तकं आमच्याकडून न्यायला हरकत नाही, ‘श्यामची आई’च्या तीन प्रती आहेत. ‘वनवास’ एकच आहे आणि ती त्या मुलाने नेलीये, दीड महिना झाला, मी मागितलेली नाही.