सोलापूरहून इंडी रॉकचा लाइव्ह शो: मुंबई गाठावी की पुणे?

मावसभावाचा परवा फोन आला, दादा पहिल्यांदाच इंडी रॉकचा (म्हणजे सिनेमाबाहेरचं, स्वतंत्र रॉक) बँड लाइव्ह ऐकायला जायचंय, मुंबईचं तिकीट काढू का पुण्याचं. मी दोन्हीकडं बऱ्याचदा जाऊन आलोय, त्याला अर्धा तास जे सांगितलं तेच इथं लिहितो. हैदराबादही आपल्याला लांब नाही पण तिथं मी कधी शोला गेलेलो नाही, म्हणून ते सोडून देतो.

बाहेरच्या देशातला बँड ऐकायचा असेल तर प्रश्नच नाही, मुंबई. द स्ट्रोक्स २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, सिगारेट्स आफ्टर सेक्स २०२५ ला मुंबईत येऊन गेले, ही नावं पुण्याच्या छोट्या हॉलमध्ये ऐकायला मिळणार नाहीत. आणि हजारो माणसं एकदम एकच ओळ गायला लागतात तेव्हा अंगावर जो काटा येतो त्याला तोड नाही हे मी मान्य करतो.

पण परत यायचं कसं? जाताना सिद्धेश्वर एक्सप्रेससारखं सुख नाही, रात्री जेवून बसायचं आणि सकाळी सीएसएमटी. येताना मात्र तीच सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या पुढं सुटते, आणि उघड्या मैदानावर दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही म्हणून मुख्य बँड अगदी दहापर्यंत वाजवत असतो. दहाला शो संपला, गर्दीतनं गेटपर्यंत यायला अर्धा तास, मग लोकल, मग स्टेशन, जमतच नाही. म्हणजे नऊला निघायचं. मी दोनदा तसा निघालो. दुसऱ्या वेळी मैदानाच्या भिंतीबाहेर टॅक्सी शोधत होतो आणि ज्या गाण्यासाठी चारशे किलोमीटर गेलो होतो ते आत सुरू झालं. भिंतीपलीकडून नुसता बेस येत होता आणि पब्लिकचा आवाज, शब्द सगळे लोकांचेच, गायकाचा एक सूर कळत नव्हता. मी तिथं दोन मिनिटं थांबलो, मग टॅक्सी मिळाली. गाडी मिळाली पण कुर्डुवाडी येईपर्यंत झोप नाही. त्याआधीचा एक तासही नीट ऐकला नव्हता, सारखं घड्याळाकडं बघत होतो. मला मुंबईचं हेच खटकतं, बाकी सगळं चालवून घेतलं असतं.

मुक्काम करा म्हणाल, तर करा, पैसे असतील तर तेच बरं. माझ्या वेळी खोलीचं भाडं शोच्या तिकिटाच्या वर गेलं होतं.

पुण्यात मोठी नावं कमी, पण इंडीची मुळं तिथं चांगली रुजलीयत, एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० ला पुण्यातच सुरू झाला. मी जातो ते कोरेगाव पार्क-मुंढव्याच्या बाजूच्या छोट्या जागांवर, दोनतीनशे माणूस फार झालं. बंगळुरूचा परवाझ हा बँड मी असाच एका हॉलमध्ये ऐकला, स्टेजपासून दहा फुटांवर, किक ड्रम छातीत वाजत होता आणि त्यांचा गायक खालिद अहमद हळू गायला लागला की आख्खा हॉल गप. तसं मला मैदानात कधी मिळालं नाही.

त्रास तिथंही आहे. आठ म्हणतात आणि बँड साडेनऊला चढतो. बारजवळ उभे राहणारे लोक संथ गाण्यात पण गप्पा मारतात, त्याला उपाय एकच, साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ उभं राहायचं, तिथं आवाजही सगळ्यात नीट लागतो. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी जायला झकास आहे पण परतीची संध्याकाळी सहाला पुण्यातनं सुटते, तेव्हा बँडचा साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी, चालू असतो, म्हणून तिचा विचार जाण्यापुरताच करा.

परत यायला मी बस धरतो. शो साडेअकराला संपला तरी रिक्षानं हडपसर गाडीतळ जवळ पडतं, आणि मुंबईहून सोलापूर-हैदराबादकडं जाणाऱ्या स्लीपर बस तिथनंच जातात, मला आजवर मिळाली आहे, एकदा पाऊण तास थांबावं लागलं एवढंच. पहाटे सोलापुरात पुणे नाक्याला उतरायचं. शेवटचं गाणं, वन्स मोअर, सगळं ऐकून.

तुमचा आवडता बँड फक्त मुंबईतच वाजवणार असेल तर जा, मी अडवणार नाही. पण देशातले बँड टूरवर निघाले की बहुतेक दोन्ही गावं करतात, तेव्हा पुण्याची तारीख आधी बघा. मावसभावाला मी पुण्याचंच काढायला सांगितलं. आणि बसचं बुकिंग करताना चढायचं ठिकाण पुणे स्टेशन नको, गाडीतळच टाक म्हटलं, तिथं बस उशिरा येते, तेवढीच वीस मिनिटं जास्त मिळतात.