नौपाड्यातला सॅलरी कॅपचा वर्कशॉप: दोन रविवार, एक फूटपट्टी आणि निक्सचा सेंटर

गेल्या महिन्यात दोन रविवार ठाण्यातल्या नौपाड्यात एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सॅलरी कॅपवरच्या, म्हणजे एका टीमच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेवरच्या, वर्कशॉपला जाऊन आलो. ग्रुपवर तीन-चार जणांनी विचारलं की पैसे वसूल आहेत का, म्हणून नीट लिहितोय. आहेत, पूर्ण वसूल. दोन्ही रविवारचे मिळून ६०० रुपये, दुपारी ३ ते ६, एका कोचिंग क्लासची खोली रविवारी रिकामी असते तिथे, गोखले रोडवरून चालत पाच मिनिटं. विषय एकच, आपला खेळाडू कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर टीम परत कसा साइन करते आणि कधी कधी इच्छा असून का करू शकत नाही.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी न्यूयॉर्क निक्स टीमचा फॅन, कळव्याला राहतो, सीझनमध्ये पहाटे साडेपाचला उठून मॅच लावतो आणि शेवटचा क्वार्टर बरेचदा लोकलमध्ये फोनवर बघतो. २०२४ च्या उन्हाळ्यात आमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आयझायाह हार्टेनस्टाइन ओक्लाहोमाच्या टीमकडे गेला ते मला फार लागलं होतं. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, तो तिकडे चॅम्पियन झाला तेव्हा परत लागलं. डोक्यात एकच प्रश्न की आमच्याच अनुनोबीला ५ वर्षांचे २१ कोटी २५ लाख डॉलर देता आले आणि याला द्यायला काय झालं होतं, म्हणजे मॅनेजमेंटने कंजुषी केली असंच मी धरून चाललो होतो. नियम वाचायचा प्रयत्न केला होता बरेच वेळा पण वाचून डोक्यात राहायचं नाही, आज कळलं असं वाटायचं आणि उद्या सगळं गायब.

शिकवणारे सर पेशाने सीए आहेत, शाळेपासून बास्केटबॉल खेळलेले. पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की यांना आकडे आणि खेळ दोन्ही मनापासून आवडतात. पीपीटी वगैरे काही नाही. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर ड्रॉइंग पेपरची लांब पट्टी चिकटवलेली, आणि स्केल असं की अर्धा सेंटिमीटर म्हणजे १० लाख डॉलर. २०२४-२५ ची कॅप साधारण १४ कोटी ६ लाख डॉलर, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या जरा पुढे लाल रेघ. त्यापुढे ८५ च्या जरा पुढे लक्झरी टॅक्सची रेघ (इथून वर पगार गेला की टीमला जादा कर), ८९ वर पहिला एप्रन आणि साडेचौऱ्याण्णववर दुसरा, म्हणजे ओलांडल्या की नियम आणखी कडक होतात अशा दोन रेघा. प्रत्येक खेळाडूची पट्टी त्याच्या पगाराएवढी कापलेली आणि पट्टीच्या कडेला रंग मारलेला. रंग म्हणजे बर्ड राइट्स, कॅप ओलांडून आपलाच खेळाडू ठेवायचा हक्क, किती आहेत ते. निळी कड म्हणजे फुल बर्ड, पिवळी म्हणजे अर्ली बर्ड, पांढरी म्हणजे नॉन-बर्ड. एवढंच सामान, पण ते हातात घेतल्यावर जे कळतं ते वाचून मला कधीच कळलं नव्हतं.

आमच्या टेबलाला नेमकं निक्स, उन्हाळा २०२४. मी मागून घेतलं नव्हतं, चिठ्ठीत निघालं.

लाल रेघ आम्ही आधीच ओलांडलेली होती, म्हणजे बाहेरच्या खेळाडूसाठी कॅपमध्ये जागाच नाही. मग सरांनी अनुनोबीची पट्टी दिली, निळी कड. त्याने मध्ये रिलीज न होता आणि फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून टीम न बदलता ३ सीझन पूर्ण केलेले, मध्ये ट्रेड (टीममधली अदलाबदल) झाला तरी चालतं, कारण हे बर्ड राइट्स ट्रेडबरोबर येतात, टोरांटोकडून आमच्याकडे आले. त्यामुळे रेघेच्या पलीकडे कितीही लांब जाऊन मॅक्सपर्यंत (एका खेळाडूला देता येणारा जास्तीत जास्त पगार) पगार देता येतो, ५ वर्षं, दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ८ टक्क्यांनी वाढ. बाहेरची टीम देणार असेल तर ४ च वर्षं आणि ५ टक्के. पट्टी ठेवली, बसली, काही प्रश्न नाही.

मग हार्टेनस्टाइन. पिवळी कड. तो २०२२ ला दोन वर्षांसाठी आलेला, म्हणजे आमच्याकडे दोनच सीझन झाले, आणि दोन सीझनला अर्ली बर्ड मिळतं, ज्यात मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंतच सुरुवात करता येते. मागचा पगार साधारण ९२ लाख ४५ हजार. सरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली, म्हणाले तुम्हीच करा. मी केलं. पहिलं वर्ष १ कोटी ६१ लाख ८० हजार, मग १ कोटी ७४ लाख ७४ हजार, मग १ कोटी ८७ लाख ६९ हजार, मग २ कोटी ६३ हजार. चार वर्षांचे मिळून ७ कोटी २५ लाखांच्या आसपास. याच्या वर एक डॉलर नाही. पट्टी ८ सेंटिमीटरची. आणि मग सरांनी बाजूला ओक्लाहोमाची पट्टी ठेवली, तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख, त्यातलं पहिलंच वर्ष ३ कोटी, म्हणजे १५ सेंटिमीटर. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी. जवळपास दुप्पट.

मी बराच वेळ त्या दोन पट्ट्यांकडेच बघत बसलो. वर्षभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्या हातात द्यायला हेच ८ सेंटिमीटर होते. आणखी एक सीझन तो जुन्या कॉन्ट्रॅक्टवर असता तर कड निळी झाली असती. म्हणजे चूक झाली असेल तर ती २०२२ मध्ये, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं केलं तेव्हा, आणि तेव्हा तो एवढा चांगला निघेल हे कुणाला माहीत होतं.

शेजारच्या टेबलावर डेन्व्हर २०२३ होतं, त्यांचं दुःख आमच्यापेक्षा मोठं. नुकतीच पहिली चॅम्पियनशिप जिंकलेली, ब्रूस ब्राउनला ठेवायचंच आहे, पण त्याचा एकच सीझन झालेला म्हणून पांढरी कड, मागच्या पगाराच्या १२० टक्केच. ६५ लाखांच्या आसपासवरून फार तर ७८ लाख. आणि इंडियानाने त्याला दोन वर्षांचे ४ कोटी ५० लाख दिले. त्या टेबलावरचा कॉलेजचा मुलगा तीनदा विचारत होता, "सर, दुसरा कुठला एक्सेप्शन नाही का?" एक्सेप्शन म्हणजे कॅपच्या वर जाऊन साइन करायची सवलत. नव्हता, त्यांच्या कामाचा नव्हता.

आमच्या टेबलावर एक काकू होत्या, पाचपाखाडीहून नातवाला घेऊन आलेल्या, आणि दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न त्यांनी विचारला. "अहो सर, स्वतःचाच माणूस आहे ना, मग त्याला ठेवायला कसली आलीय मर्यादा?" सर म्हणाले, "काकू, हेच भांडण तर १९८३ मध्ये झालं." मग त्यांनी सांगितलं की तेव्हा बऱ्याच टीम तोट्यात होत्या, मालकांना पगारावर लगाम हवा होता, खेळाडूंच्या युनियनने बदल्यात कमाईचा ५३ टक्के हिस्सा पक्का करून घेतला, आणि १९८४-८५ पासून ३६ लाख डॉलरची कॅप आली. हो, अख्ख्या टीमची ३६ लाख, २०२५-२६ ला तीच १५ कोटी ४६ लाख झाली. पण घरचा माणूस कॅपमुळे हातचा जाऊ नये म्हणून ही पळवाट ठेवली, आणि बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ती ओळखली जायला लागली. फक्त घरचा माणूस कुणाला म्हणायचं तर जो तीन वर्षं राहिलाय त्याला, नाहीतर कुणीही एक वर्ष स्वस्तात आणून पुढच्या वर्षी तिजोरी उघडली असती. मिनेसोटाने जो स्मिथच्या बाबतीत हेच गुपचूप केलेलं, कमी पगारावर वर्षं काढ मग मोठं कॉन्ट्रॅक्ट देतो असा लपवलेला करार, २००० साली पकडले गेले, ३५ लाख डॉलर दंड आणि पहिल्या फेरीतले पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) गेले, त्यातले दोन नंतर परत मिळाले. काकूंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, नाहीतर सगळे तसंच करतील."

दुसरा रविवार कॅप होल्डचा, आणि त्यासाठी हा वर्कशॉप कुणालाही सांगेन. सरांनी खिशातून चौकड्यांच्या कापडाचे तुकडे काढले आणि म्हणाले हे रुमाल. ठाण्यात कुणाला समजावून सांगायला नको. लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकला की माणूस बसलेला नसला तरी सीट गेली. तसंच खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी बर्ड राइट्स ठेवायचे असतील तर त्याच्या नावाचा रुमाल कॅपमध्ये पडून राहतो, आणि जागा हवी असेल तर रुमाल उचलायचा, पण एकदा उचलला की त्या माणसावरचा हक्क संपला. सगळे रुमाल अंथरून ठेवले तर कॅप कागदावरच भरलेली दिसते, म्हणून "एवढी कॉन्ट्रॅक्ट संपली मग जागा का नाही" हा माझा जुना प्रश्न तिथेच सुटला.

आता खरी गंमत रुमालाच्या लांबीत आहे. रुमाल मागच्या पगारावरून कापतात, पुढच्या पगारावरून नाही. फिलाडेल्फियाचा टायरीस मॅक्सी, २०२४, पहिल्या फेरीतल्या निवडीचं चार वर्षांचं स्वस्त कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, पगार ४३ लाखांच्या आसपास, नियमाने रुमाल त्याच्या ३०० टक्के, १ कोटी ३० लाख. साडेसहा सेंटिमीटर. आणि त्याला खरं द्यायचं होतं मॅक्स, पहिल्या वर्षाला साडेतीन कोटी, साडेसतरा सेंटिमीटर. टीमने २०२३ मध्ये एक्स्टेन्शन (कॉन्ट्रॅक्ट आधीच वाढवणं) केलंच नाही, त्याला थांबवलं, उन्हाळ्यात छोटा रुमाल तसाच ठेवून उरलेल्या जागेत आधी पॉल जॉर्जला ४ वर्षं २१ कोटी २० लाखांना बसवलं, आणि सगळ्यात शेवटी रुमालाच्या जागी मॅक्सीची मोठी पट्टी ठेवली, ५ वर्षं २० कोटी ४० लाख, लाल रेघ ओलांडून, कारण कड निळी. सान अँटोनियोने २०१५ ला कवाय लेनर्ड आणि ऑल्ड्रिजच्या वेळी हेच केलं होतं.

सरांनी मुद्दाम एका मुलाला उलटा क्रम करायला लावला, आधी मॅक्सी मग जॉर्ज. जॉर्जची पट्टी रेघेबाहेर गेली आणि त्याच्या कडेला रंगच नाही, म्हणजे त्याला घेताच येत नाही. तेच दोन खेळाडू, तेच पैसे, नुसता क्रम बदलला.

आयपीएलचं कुणीतरी काढणारच होतं, काढलं. सरांनी छान तुलना केली. आयपीएलमध्ये पर्स म्हणजे पर्स, २०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटी, स्वतःचा खेळाडू असो नाहीतर बाहेरचा. आरटीएमसारखं (राइट टू मॅच कार्ड) काही एनबीएत आहे का तर आहे, रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, बाहेरची टीम ऑफर देते आणि जुनी टीम तीच ऑफर मॅच करून खेळाडू ठेवू शकते. पण पंतच्या वेळी दिल्लीने २०.७५ कोटीला आरटीएम दाखवल्यावर लखनौला २७ कोटीवर जायची मुभा होती, तशी इथे नाही, एकदा कागदावर सही झाली की आकडा तोच. म्हणून बाहेरची टीम आधीच असा आकडा लिहिते की समोरच्याला झेपू नये. २०१२ ला ह्यूस्टनने जेरेमी लिनच्या ऑफरमध्ये तिसऱ्या वर्षाला जवळपास दीड कोटी टाकले आणि निक्सने मॅच केलं नाही. हे मला माहीत होतं, तरी परत ऐकताना त्रास झाला.

आमच्या ब्रन्सनचा किस्सा मात्र सर सांगत होते तेव्हा आमचं टेबल सरळ बसलं. २०२२ ला डॅलसकडे त्याचे फुल बर्ड राइट्स होते, कड निळी, हवे तेवढे पैसे देता येत होते, तरी तो आमच्याकडे ४ वर्षं १० कोटी ४० लाखांना आला. हक्क हातात असून उपयोग नाही, वेळेवर माणसाशी बोलावं लागतं. आणि त्यानेच २०२४ ला एक वर्ष थांबून ५ वर्षांचे २६ कोटी ९० लाख घेण्याऐवजी लगेच ४ वर्षं १५ कोटी ६५ लाखांचं एक्स्टेन्शन घेतलं, म्हणजे जवळपास सव्वाअकरा कोटी डॉलर टेबलावर सोडले, का तर टीमला पुढे हातपाय हलवायला जागा राहावी. ती पट्टी ठेवताना मला खरंच भरून आलं.

आता काय कमी होतं ते. एप्रनचा भाग शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला आणि ते चुकीचं आहे, कारण आजच्या घडीला टीम तिथेच अडकतात. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलं तरी बर्ड राइट्स वापरून आपला माणूस ठेवता येतो, पण टॅक्स प्रचंड बसतो, मिड-लेव्हल एक्सेप्शन (बाहेरचा खेळाडू मध्यम पगारावर घ्यायची सवलत) मिळत नाही, ट्रेडमध्ये दोन पगार एकत्र जोडता येत नाहीत. २०२५ ला बॉस्टनने हॉलिडे आणि पोर्झिंगिसला याचसाठी ट्रेड केलं, हॉरफर्ड आणि कॉर्नेट फ्री एजंट म्हणून गेले, एका वर्षापूर्वीची चॅम्पियन टीम उसवली. याला तिसरा रविवार हवा, मी सरांना तसं सांगितलंय, ते बघतो म्हणाले. दुसरं म्हणजे खोलीत दोनच पंखे आणि पट्ट्या उडतात म्हणून त्यातला एक बंद, पहिल्या रविवारी घामाने कागद ओला झाला. हँडआउटची प्रिंट बारीक आहे, काकूंना नातवाकडून वाचून घ्यावी लागली. आणि बास्केटबॉल अजिबात न बघणाऱ्याने पहिल्या तासात हरवायची शक्यता आहे, निदान एक सीझन फॉलो केलेला असेल तर मजा येईल.

बाकी चहा आणि बिस्किटं फीमध्येच. साडेपाचला ब्रेक झाला की सर बाहेर गॅलरीत उभे राहून कुणाच्याही टीमबद्दल बोलतात, तिथे थांबा, घाई करू नका. मुलं आणायची असतील तर साधारण तेरा-चौदाच्या पुढची आणा, काकूंचा नातू नववीतला होता आणि त्याला टक्केवारी माझ्यापेक्षा पटकन जमत होती. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या.

निघताना सरांनी विचारलं पट्टी हवी का कुठली, घेऊन जा, मी परत कापेन. मी हार्टेनस्टाइनची ८ सेंटिमीटरची पिवळ्या कडेची मागून घेतली. ती आता टीव्हीखाली ठेवलीय.