वॉमसॅट: तीन महिने रोज वापरल्यावर

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी विचारतात, लेकीकडं ऑस्ट्रेलियाला जाऊन काय आणलंत? मी फोनवर वॉमसॅटचा नकाशा उघडून दाखवतो. वेस्टर्न सिडनी विद्यापीठानं २०१५ साली सुरू केलेली ही मोफत सेवा. वॉम्बॅट दिसला, मेलेला आढळला किंवा त्याचं बीळ सापडलं, की नकाशावर जागा दाखवायची, खरूज दिसते का ते सांगायचं, फोटो जोडायचा. दोन मिनिटांचं काम.

वॉम्बॅट म्हणजे पंचवीस-तीस किलोचा, आखूड पायांचा, गवत खाऊन बिळात राहणारा प्राणी. कांगारूसारखी पिशवी असते, पण तोंड मागच्या बाजूला, म्हणजे बीळ उकरताना माती पिलावर जात नाही. लेंड्या मात्र चौकोनी, त्यावरूनच तो ओळखू येतो.

मी जनावरांचा डॉक्टर. भुदरगड तालुक्यात ३१ वर्षं म्हशी-बैलांची खरूज पाहिली. तरी कॅनबेराजवळ भर दुपारी ओढ्याकाठी चरणारा तो वॉम्बॅट पाहिला आणि पोटात कालवलं. हा रात्रीचा प्राणी. भर दुपारी असा बाहेर दिसला, तर बहुधा दुखणं वाढलेलं असतं. कुशीवरचे केस गेलेले, कातडी भेगाळलेली, डोळ्यांवर खपल्या. मी दहा पावलांवर उभा होतो, त्याला पत्ता नव्हता. खरुजेचा हा किडा गोऱ्या वसाहतकऱ्यांबरोबर आणि त्यांच्या कुत्र्यांबरोबर तिकडं गेला. एक वॉम्बॅट बीळ सोडतो, दुसरा त्यात शिरतो, खरूज पुढं सरकते.

म्हणूनच बिळांची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. तिथले स्वयंसेवक बिळाच्या तोंडाशी प्लॅस्टिकची झडप टांगतात, तिच्यावर औषधाचं टोपण. वॉम्बॅट आत-बाहेर करताना औषध पाठीवर सांडतं. औषध कुठलं, तर मॉक्सिडेक्टिन, गुरांच्या पाठीवर ओततात तेच! बीळच माहीत नसेल तर झडप टांगणार कुठं? घरांसाठी जमीन सपाट करतानाही बिळं आधी ठाऊक असली, तर आत कोणी गाडलं जायचं टळतं.

मेलेल्याची नोंद जड जाते. एका संध्याकाळी रस्त्याकडेला एक पडलेला दिसला. लेक म्हणाली, "अण्णा, गाडी घेते बाजूला, पण उतरताना मागं बघा." अंगावर गुलाबी रंगाची फुली होती. म्हणजे कोणीतरी आधीच थांबून पिशवीत पिलू आहे का ते तपासून गेलं होतं. आई मेली तरी आत पिलू जिवंत असू शकतं. फुली पाहून मला त्या अनोळखी माणसाला हात जोडावेसे वाटले.

क्वीन्सलँडमधला केसाळ नाकाचा वॉम्बॅट १९८०च्या दशकात ३५च्या आसपास उरला होता. गुरांची चराई थांबवली, २००२ साली डिंगो कुत्र्यांपासून वाचवायला २० किलोमीटरचं कुंपण घातलं. आज ते चारशेच्या घरात आहेत. मोजदाद केली म्हणून जमलं.

कोल्हापुरातली कितीतरी पोरं तिकडं शिकायला, नोकरीला आहेत. त्यांच्या आईबापांनी जाताना हे फोनवर घालून घ्यावं, गाडीत हातमोजे आणि बॅटरी ठेवावी.

ओढ्याकाठच्या एका बिळाची नोंद मी केली होती. लेक दर रविवारी तिथं जाऊन येते. परवा तिचा फोन आला, बिळासमोरच्या दगडावर ताज्या लेंड्या आहेत, चौकोनी.