मुलांच्या शैक्षणिक ॲपचे आठ महिने: प्रश्न विचारल्यावर पडदा किती वेळ गप्प बसतो?

परवा दुपारी टीव्हीवरचं ॲप अपडेट झालं आणि मी बंद करून ठेवलेलं ऑटोप्ले, म्हणजे एक भाग संपला की पुढचा आपोआप लावणारं सेटिंग, परस्पर चालू झालं. आमच्याकडे एक भाग संपला की पडदा थांबतो आणि माझी थोरली मुलगी 'संपलं' असं सांगायला आत येते. आठ महिन्यांत हे अंगवळणी पडलंय. परवा ती आलीच नाही. पाऊण तासानं बाहेर जाऊन बघते तर तिसरा भाग चालू होता, आणि तोही तिच्या मालिकेचा नाही. ॲपनं आपल्या मनानं पुढची मालिका लावली होती. बंद केल्यावर ती जी रडली, तशी गेल्या कित्येक आठवड्यांत रडली नव्हती.

कस्टमर केअरला तीनदा कळवलं. पहिल्यांदा सांगितलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं, तर निवडून ठेवलेल्या भागांची यादीच पुसली गेली. दुसऱ्यांदा उत्तर आलं की ऑटोप्ले ग्राहकांच्या सोयीसाठी आहे. तिसऱ्यांदा काहीही न करता तक्रार 'निकाली' दाखवून बंद केली. चार वर्षांच्या मुलीसमोर न विचारता पुढचा भाग लावण्यात कोणाची सोय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. त्या रागातच लिहायला बसलेय, पण आठ महिन्यांत जे हाती लागलं ते त्याहून मोठं आहे, म्हणून सगळंच लिहिते.

वर्षभराचे पैसे एकदम भरले होते. जाहिराती नाहीत, वयानुसार विभाग आहेत, भाग हजारोंनी आहेत, असं हे ॲप. पैसे भरलेली गोष्ट पडून राहिली की मला चैन पडत नाही. त्यामुळे पहिले दोन महिने मी रोज नवा भाग लावायचे आणि ती रोज हटून कालचाच मागायची. एवढं भांडार घेऊन पोरगी एकाच भागाला चिकटून बसते, म्हणजे पैसे पाण्यात गेले, असं मला ठामपणे वाटत होतं.

ते मत बदललं. 'ब्लूज क्लूज' हा लहान मुलांचा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज तोच भाग दाखवायचे, हे माझ्या वाचनात आलं. हे त्यांनी ठरवून केलं होतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच भाग पाच वेळा दाखवून अभ्यासही झाला. १९९९ मध्ये तो छापून आला. पुन्हा पुन्हा बघितल्यावर मुलांना भाग जास्त समजला आणि पडद्याला उत्तरं देणं, बोट दाखवणं वाढत गेलं. मी थोरलीकडे नीट बघायला लागले. पहिल्या दिवशी ती नुसती बघते. तिसऱ्या दिवशी ओठ हलतात. पाचव्या दिवशी प्रश्न यायच्या आधीच ती गुडघ्यांवर उठून बसते आणि श्वास रोखते, कारण उत्तर तिच्याकडे तयार असतं. जिथे मला फुकट गेलेले पैसे दिसत होते, तिथे तिचं खरं शिकणं चाललं होतं. म्हणजे हजारो भाग मला लागणारच नव्हते.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. त्याच कार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून गप्प बसतो. खरोखर गप्प. मूल विचार करून बोलेल इतका वेळ तो कॅमेऱ्याकडे बघत राहतो. हे लक्षात आल्यापासून मी फोनवर स्टॉपवॉच लावून ॲपमधल्या मालिका तपासल्या. 'संवादी', 'विचारांना चालना देणारी' असं वर्णन असलेल्या बहुतेक मालिकांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांत एक सेकंदही जात नाही. 'यातला त्रिकोण कोणता?' म्हणेपर्यंत त्रिकोण चमकायला लागतो आणि ढोलताशा सुरू. थोरलीचं बोट हवेत अर्ध्यावर राहतं. असं चार-पाच वेळा झालं की ती बोट उचलतच नाही, नुसती बघत बसते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय आणि ते बघून मला वाईट वाटलं.

एका मालिकेचे मूळ आवाजातले आणि डब केलेले असे दोन्ही भाग लावून बघितले. मूळ भागात चार सेकंद शांतता होती. डबिंगमध्ये त्याच जागी 'अरे वा, चला बघूया, कुठे बरं असेल, लवकर सांगा हं' अशी बडबड भरली होती. आपल्या भाषेत ऐकायला मिळतंय म्हणून मी डब केलेलंच लावत होते आणि त्यात नेमकी तिची उत्तर द्यायची पाळी गायब झाली होती. डबिंग करणाऱ्यांना मनापासून विनंती: जिथे मूळ निवेदक गप्प आहे तिथे तुम्हीही गप्प बसा.

मूल टक लावून बघतंय म्हणजे कार्यक्रम चांगला, हाही माझा समज होता. 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, तेव्हा एडवर्ड पामर या संशोधकानं मुलांसमोर टीव्ही आणि शेजारी स्लाइड प्रोजेक्टर ठेवला होता. दर साडेसात सेकंदांनी नवी स्लाइड यायची. मुलाची नजर टीव्हीवरून केव्हा ढळते, याची नोंद व्हायची आणि त्यावरून कार्यक्रमात बदल व्हायचे. मी घरी टीव्हीशेजारी ठोकळ्यांची पेटी उघडी ठेवली. प्रश्नांच्या वेळी तिची नजर पडद्यावरच राहिली, लांबलचक नाचगाण्यात मात्र ती ठोकळ्यांकडे वळली. इथवर छान. पण भडक, धावपळीचं कार्टून लावलं तेव्हा तिनं ठोकळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि ते संपल्यावर जी चिडचिड सुरू झाली ती जेवणापर्यंत.

याबद्दलही एक प्रयोग झालेला आहे. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाला वेगवान कार्टून, दुसऱ्याला संथ शैक्षणिक कार्यक्रम, तिसऱ्याला चित्र काढायला कागद. वेळ फक्त ९ मिनिटं. वेगवान कार्टूनमध्ये सरासरी ११ सेकंदांनी दृश्य पालटत होतं, संथ कार्यक्रमात ३४ सेकंदांनी. लगेच घेतलेल्या चाचण्यांमध्ये, धीर धरणं, सांगितलेलं लक्षात ठेवून वागणं अशा गोष्टींत वेगवान कार्टूनचा गट मागे पडला. नऊ मिनिटांनंतरची ही गोष्ट, त्यामुळे वर्षानुवर्षांचे निष्कर्ष त्यातून काढू नयेत. पण माझ्यापुरतं ठरलं: नवा कार्यक्रम निवडताना आधी आवाज बंद करून एक मिनिट बघायचं आणि दृश्यं किती वेळा पालटतात ते मोजायचं.

धाकट्याबद्दल थोडक्यात. तो सतरा महिन्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं चांगलं. ॲपमधला 'बाळांसाठी' विभाग मी उघडलाच नाही. मात्र ताईचा टीव्ही चालू असताना तो तिथेच खेळायचा आणि मला वाटायचं, तो कुठे बघतोय! २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १, २ आणि ३ वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा कार्यक्रम लावला होता. मुलं पडद्याकडे मधूनच काही सेकंद बघत होती, तरी त्यांचे खेळ तुटक झाले. आता त्याच्या दुपारच्या झोपेतच टीव्ही लागतो.

इथपर्यंतचा भाग मी गेल्या महिन्यात लिहिला असता तर गप्प बसणाऱ्या मालिकांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्याशेजारी बसले होते. पडद्यावर तीन फुगे होते. 'किती फुगे?' निवेदक थांबला. थोरली जोरात म्हणाली, 'चार!' आणि तो म्हणाला, 'अगदी बरोबर, शाब्बास!' तिनं माझ्याकडे बघितलं, खूश होऊन. तो क्षण माझ्या मनातून जात नाही. पडद्यानं वाट बघितली, पण तिचं ऐकलं नव्हतं. ऐकणारं माणूस शेजारी नसेल तर ती शांतता अर्धीच कामाची. मी रिमोटवर पॉज दाबलं आणि म्हटलं, चल, बोट लावून मोजूया. तिनं पडद्याला बोट टेकवत मोजले. तीन झाले. पुन्हा मोजले.

त्या दिवसापासून पॉजचं बटण हेच आमच्या घरातलं सर्वांत उपयोगी शैक्षणिक साधन झालंय. ज्या मालिकेत थांबायची सोय नाही, तिथे मी थांबवते. घाईघाईत उत्तर देणारी ती त्रिकोणवाली मालिकासुद्धा अशी चालून जाते, फक्त बोट बटणावर तयार हवं. रोज जमत नाही. आठवड्यातून तीन दिवस तरी मी बसते. उरलेल्या दिवशी जे भाग आम्ही आधी एकत्र बघितलेत तेच लावते.

आणि याचा परिणाम मला अनपेक्षित ठिकाणी दिसला. परवाच्या गोंधळानंतर संध्याकाळी ती धाकट्याला चेंडू दाखवून, मग पाठीमागे लपवून विचारत होती, 'बॉल कुठेय?' आधी ती लगेच स्वतःच 'हा बघ!' करायची. या वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. बराच वेळ. त्यानं सावकाश तिच्या कोपराकडे बोट नेलं.

आता व्यवहाराचं. आठ महिन्यांत प्रत्यक्ष उपयोगी पडलेले भाग मोजले तर अकरा. त्यातले सहा असे की जे ती अजून मागते. अकरा भागांसाठी वर्षाचे पैसे देणं मला परवडत असलं तरी पटत नाही, आणि ज्या ॲपमध्ये माझं सेटिंग मला न विचारता बदलतं त्याला तर मुळीच द्यायचे नाहीत. घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की वर्षाचं एकदम घेऊ नका, एका महिन्याचं घ्या. त्यातून पाच-सहा भाग निवडा आणि तेच तेच बघू द्या. प्रत्येक अपडेटनंतर ऑटोप्ले स्वतः तपासा.

माझे चार महिने शिल्लक आहेत. सेटिंगमध्ये शोधलं तर सबस्क्रिप्शनचं नूतनीकरणही आपोआप चालू होतं. ते बंद केलंय आणि बंद केल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.