जुनी ब्रनो .२२ : टंचाईची किंमत आणि रायफलीची पारख

ठाण्यात विक्रीला असलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो बनावटीच्या दोन .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफली मी नुकत्याच बारकाईने पाहिल्या. दोन्ही ‘मॉडेल २’. एक परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातली, तर दुसरी नौपाड्यातल्या एका वयोवृद्ध परवानाधारकांची, ज्यांना आता हत्यार सांभाळणे झेपत नाही. दुकानातली चकाचक आहे आणि किंमतही तिचीच जास्त आहे. तरीही संग्रहासाठी घ्यायची असेल, तर माझे मत निःसंशय नौपाड्यातल्या रायफलीला आहे.

खासगी परवानाधारकांसाठी हत्यारांची आयात १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली प्रत्येक विलायती रायफल, मग ती मुळात साधी असो वा उत्तम, आज परदेशातल्या भावाच्या कितीतरी पट किमतीला विकली जाते. ही किंमत टंचाईची असते, आणि गुणवत्तेची पारख तिच्यापासून वेगळी ठेवली नाही तर घेणारा हमखास फसतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यानंतर काही घरांतली जुनी हत्यारे बाहेर पडली. पण म्हणून चांगल्या स्थितीतली ब्रनो सहज मिळते असे नाही.

मॉडेल २ ही चेकोस्लोव्हाकियातली बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावी लागणारी, रायफल आहे. पाच काडतुसांचे सुटे मॅगझिन, सुमारे ६३ सेंटिमीटरची लांब नळी आणि २५ ते २०० मीटरपर्यंत आकडे असलेली मागची साइट (नेम धरण्याची खाच), एवढाच तिचा सरंजाम असला तरी घडण अशी नेकीची आहे की नीट वापरलेली रायफल साठ वर्षांनंतरही बिनतक्रार काम देते.

दुकानातल्या रायफलीचे पॉलिश मूळ असल्याचे मला सांगण्यात आले. ते तसे नाही, हे भिंग लावताच दिसले. नळीवरच्या अक्षरांच्या कडा गोल झाल्या आहेत, स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा धातू खोलगट झाला आहे, आणि नव्या काळ्या-निळ्या थराखाली गंजाचे जुने खड्डे तसेच आहेत. प्रूफच्या (नळीच्या दाब-चाचणीच्या) खुणेजवळ कोरलेले निर्मितिवर्षाचे दोन अंक घासून इतके पुसट झाले आहेत की ते अंदाजानेच वाचावे लागतात. दस्ताही घासलेला आहे. कारखान्यातून आलेल्या दस्त्याचे लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर असते. इथे ते धातूच्या खाली गेले आहे, आणि बोट फिरवले की ती पायरी स्पष्ट जाणवते. एकदा घासलेले लाकूड परत येत नाही, म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने हा दोष मला गंजाहूनही मोठा वाटतो.

नौपाड्यातल्या रायफलीचे पॉलिश हात लागणाऱ्या जागी उडालेले आहे, दस्त्यावर दोन-तीन खोल ओरखडे आहेत, माशीजवळ (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेजवळ) बाहेरून थोडा गंज आहे. पण सारे जसेच्या तसे आहे. वर्षाचे ५८ हे अंक स्वच्छ वाचता येतात आणि स्क्रूच्या खाचा न झिजलेल्या आहेत, म्हणजे कुणा हौशी कारागिराने ती उगाच उघडलेली नाही.

खरी परीक्षा नळीच्या आत असते. .२२च्या शिशाच्या गोळीने आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, फारसे झिजत नाहीत. नळी खराब होते ती जुन्या काडतुसांच्या क्षारयुक्त अवशेषांमुळे आणि दमट हवेमुळे. खाडीकाठच्या शहरात, पावसाळाभर कापडी खोळीत बंद ठेवलेल्या रायफलीची नळी बिघडली नाही तरच नवल. दुसरे कारण पुढच्या तोंडाकडून घातलेला साफसफाईचा गज, जो नळीच्या अगदी टोकाशी आटे झिजवतो आणि नेमाची अचूकता घालवतो. शिवाय रिकामी रायफल पुन्हापुन्हा चालवली असेल, तर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर आपटून तिथे खाच पडते आणि रिकामे काडतूस अडकू लागते. दुकानातल्या रायफलीत ही खाच स्पष्ट आहे. जाणकार कारागीर ती दुरुस्त करू शकतो, मात्र तो खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा व्हायला हवा. नौपाड्यातल्या रायफलीचे चेंबर निर्दोष आहे आणि आटे शेवटपर्यंत धारदार दिसतात. मालकांनी स्वतः रेंजवर वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन ती चालवून दाखवली, तेव्हा २५ मीटरवर पाच गोळ्यांचा गट दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकला गेला.

कागदपत्रांत मात्र तडजोड करू नये. परवान्यावरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी अंकन्अंक ताडून पाहावा. खासगी व्यक्तीकडून घेताना, विकणाऱ्याने अधिकाऱ्यांना लेखी कळवल्यानंतर ४५ दिवस जाईपर्यंत रायफल ताब्यात घेता येत नाही, आणि घेणाऱ्याच्या परवान्यात तिला जागा असावी लागते. ठाण्यात आणि नवी मुंबईत हा विषय आपापल्या पोलीस आयुक्तालयाकडे जातो.

भाव करताना मूळ मॅगझिन सोबत आहे का, हे आधी विचारावे. दुकानातल्या रायफलीला बाहेरून करून घेतलेले मॅगझिन आहे आणि तिसरे काडतूस त्यात दर वेळी तिरके होते. नौपाड्यात मूळ मॅगझिन तर आहेच, शिवाय एक जादा आहे. घासाघीस करायची तर दुकानात करावी. नौपाड्यात सांगितलेली किंमत मला रास्त वाटते.